नवीन लॅपटॉपमध्ये आपल्या आधी कोण येऊन बसलंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

कॉलेजच्या ॲडमिशन झाल्या की नागपूरच्या बर्डीवर लॅपटॉप घ्यायला गर्दी होते आणि मग थोड्याच दिवसांत आमच्याकडे पत्रं यायला लागतात. यावेळी बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, मशीन कोरं करकरीत पण आत आधीच कोणी भलतंच काहीतरी भरून ठेवलेलं, काही नुसतं डोक्याला ताप देणारं आणि काही आपल्यावर लक्ष ठेवणारं. म्हणून हा अख्खा भाग त्यालाच दिला आहे. नावं छापत नाही, राहण्याचा भाग तेवढा देतो.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, प्रतापनगर): मुलाने पैसे पाठवले म्हणून नवीन लॅपटॉप घेतला. चालू केला की कोपऱ्यात लाल चौकट येते, म्हणते तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, इतके दिवस उरले, पैसे भरा. दुकानदार म्हणे भरून टाका सर, नाहीतर व्हायरस येईल. शिवाय न मागितलेले गेम अन् शॉपिंगचे आयकॉन. मला फक्त पेन्शनचं काम, नातवासोबत व्हिडिओ कॉल आणि भजनं, एवढंच पाहिजे. भरू का?

उत्तर: सर, एक रुपया भरू नका. ती लाल चौकट व्हायरस सापडल्याची सूचना नाही, जाहिरात आहे. अँटीव्हायरस कंपन्या लॅपटॉप बनवणाऱ्यांना पैसे देतात की आमचं महिनाभराचं ट्रायल तुमच्या मशीनमध्ये टाकून पाठवा, लॅपटॉपच्या धंद्यात नफा तसा कमी उरतो त्यामुळे बनवणारे ते पैसे घेतात, आणि गेम, शॉपिंग वगैरे पण बहुतेक त्याच रस्त्याने येतं. मुदत संपत आली की त्याची भाषा घाबरवणारी होते कारण घाबरलेला माणूस लवकर पैसे भरतो. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला त्याच्याच घरातल्या वस्तूने रोज भीती दाखवायची हे मला अजिबात पटत नाही, आणि दुकानदाराने त्याला दुजोरा देणं तर त्याहून नाही.

विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासून असतो, फुकट, आणि तुमच्या कामाला तो पुरेसा आहे. दुसरा अँटीव्हायरस बसलेला असला की तो बाजूला होतो आणि दुसरा काढला की आपोआप परत कामाला लागतो. तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग इन्स्टॉल्ड ॲप्स उघडा, तो ट्रायलवाला अँटीव्हायरस शोधा, अनइन्स्टॉल करा, मध्ये तो दोन-तीनदा विचारेल की नक्की का, सवलत देऊ का, तर हो नक्की म्हणत पुढे जायचं. मशीन रीस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी खूण दिसते का पाहा. काही अँटीव्हायरस असे गेल्यावरही शेपूट मागे सोडतात, त्यांच्या कंपनीच्या साईटवर ते पूर्ण काढायचं वेगळं छोटं टूल मिळतं, ते तिथूनच घ्या, गुगलवर पहिली दिसलेली जाहिरात दाबून नाही.

गेम, शॉपिंग, सिनेमा हे सगळं त्याच यादीतून काढता येतं. काय काढू नये ते पण सांगतो, कारण उत्साहात लोक आवाज घालवून बसतात. ऑडिओ, टचपॅड, ग्राफिक्स, वायफाय, ब्लूटूथ यांच्या नावाचं जे आहे ते राहू द्या आणि लॅपटॉप कंपनीचं अपडेट करणारं एक ॲप असतं तेही राहू द्या, बायोसचे, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरचे, अपडेट बऱ्याचदा त्यातूनच येतात.

ज्यांना मुळापासून साफ मशीन हवं आहे त्यांनी हे लक्षात ठेवा की विंडोजमधलं रीसेट केलं तरी कंपनीने टाकलेलं सामान परत येऊ शकतं, कारण रीसेटच्या वेळी ते परत बसवायची सोय कंपनी लॅपटॉपमध्येच करून ठेवू शकते. खरं साफ करायचं तर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवायचा आणि त्यावरून नव्याने विंडोज टाकायचं. लायसन्सची चिंता नको, ते मशीनला जोडलेलं असतं, नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. पण त्याआधी तीन कामं करा, बरोबर आलेलं ऑफिस आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या, फायलींचा बॅकअप घ्या, आणि वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, कंपनीच्या साईटवरून दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, नाहीतर नवं विंडोज चढतं आणि नेटच लागत नाही. आणि हे कोणी करो न करो, आजकालच्या विंडोज ११ मध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते, ते कुलूप उघडायची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. बायोसमध्ये काही बदललं की मशीन ती ४८ आकडी की मागू शकतं आणि नसेल तर सगळे फोटो गेले.

प्रश्न (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड): होस्टेलच्या ग्रुपवर मेसेज फिरून राहिला की नवीन लॅपटॉपमध्ये कंपनीच कीलॉगर टाकून देते, बँकेचा पासवर्ड वगैरे सगळं तिकडे जाते. अर्धे म्हणतात फेकाफेकी आहे, अर्धे म्हणतात खरं आहे. काय समजायचं?

उत्तर: कीलॉगर म्हणजे दाबलेलं प्रत्येक बटण गुपचूप लिहून ठेवणारं सॉफ्टवेअर. मेसेज जसाच्या तसा खरा नाही, पण निव्वळ थापही नाही, आणि यातलं खरं काय घडलं होतं ते कॉम्प्युटर शिकणाऱ्या प्रत्येक पोरापोरीला माहीत असायलाच पाहिजे म्हणून सविस्तर सांगतो.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण लेनोवोचं. २०१४ च्या उत्तरार्धापासून विकलेल्या त्यांच्या काही घरगुती लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाच्या कंपनीचं एक सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं होतं. त्याचं काम एवढंच की तुम्ही एखादी वस्तू ऑनलाइन पाहिली की तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वस्तूंच्या जाहिराती मध्ये घुसवायच्या. आता बहुतेक साईट एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे मधल्या कोणाला आतलं वाचता येत नाही, मग जाहिरात घुसवायची कशी. तर यांनी लॅपटॉपमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवलं. रूट सर्टिफिकेट म्हणजे तलाठ्याच्या शिक्क्यासारखं समज, ज्या कागदावर तो शिक्का तो कागद खरा असं ब्राउझर मान्य करतो. सुपरफिश प्रत्येक साईटचा खरा कागद काढून घेत होतं आणि स्वतःच्या शिक्क्याचा खोटा कागद ब्राउझरला दाखवत होतं, बँकेच्या साईटला पण. आणि त्यात भर म्हणजे तो शिक्का मारायची गुप्त की सगळ्या लॅपटॉपवर एकच होती आणि लॅपटॉपमध्येच पडलेली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षा तज्ज्ञाने तिचा पासवर्ड लगेच शोधून काढला, ज्या कंपनीने हे मधे घुसायचं तंत्र बनवलं तिचं नावच पासवर्ड होतं. म्हणजे त्या काळात तसा लॅपटॉप घेऊन तू स्टेशनच्या वायफायवर बसला असतास तर शेजारी बसलेला कोणीही तुला बँकेची खोटी साईट दाखवू शकला असता आणि ब्राउझरने हूं की चूं केलं नसतं.

लेनोवोला तुमचे पासवर्ड चोरायचे नव्हते, जाहिरातीचे पैसे पाहिजे होते, आणि माझ्या मते हेच जास्त गंभीर आहे. चोर नसलेल्या माणसाने चार पैशांसाठी सगळ्यांची दारं उघडी टाकली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, आणि ३२ राज्यांनी यावर तडजोड केली, लेनोवोला राज्यांना ३५ लाख डॉलर द्यावे लागले आणि असं जाहिरातीचं सॉफ्टवेअर टाकायचं तर आधी ग्राहकाची स्पष्ट परवानगी घ्यायची अशी अट लागली.

सुपरफिश बाहेर आलं त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, डेलच्या मशीनमध्ये ई-डेल-रूट नावाचं तसंच सर्टिफिकेट सापडलं, तेही गुप्त कीसकट. ते सर्व्हिस सेंटरला मॉडेल नंबर लवकर कळावा म्हणून टाकलं होतं, आणि नुसतं डिलीट केलं तर परत येत होतं. डेलने माफी मागून काढायचं टूल दिलं. आता तुझा कीलॉगर. मे २०१७ मध्ये मॉडझीरो नावाच्या स्विस कंपनीला एचपीच्या काही लॅपटॉपमधल्या साउंड ड्रायव्हरमध्ये असं दिसलं की तो दाबलेलं प्रत्येक बटण एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतो, जी त्या मशीनवरच्या कोणालाही वाचता येते. ड्रायव्हरला फक्त म्यूटचं बटण ओळखायचं होतं, चाचणीसाठी टाकलेला कोड तसाच राहून गेला. तिकडे कंपनीकडे काही जात नव्हतं, म्हणून तुमच्या ग्रुपवरचा मेसेज चूक, पण पासवर्ड साध्या अक्षरांत डिस्कवर पडलेला होता म्हणून तो पूर्ण चूक पण नाही. एचपीने दुरुस्ती दिली.

२०१६ मध्ये ड्युओ सिक्युरिटी या सुरक्षा कंपनीने एसर, असूस, डेल, एचपी आणि लेनोवो या पाचही कंपन्यांचे अपडेट करणारे प्रोग्रॅम तपासले, प्रत्येकात निदान एक तरी असं भोक निघालं ज्यातून पूर्ण मशीन ताब्यात घेता येत होतं. आणि २०१८ मध्ये असूसच्या अपडेट सर्व्हरमध्येच कोणी घुसलं आणि कंपनीच्या खऱ्या सहीचा खोटा अपडेट लोकांना गेला, घुसणाऱ्यांना पाहिजे असलेली मशीन होती साधारण ६००, पण अपडेट कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोचला. कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने हे २०१९ मध्ये उघड केलं.

आता तू काय करायचं. आजच्या लॅपटॉपमध्ये सुपरफिश शोधत बसू नकोस, त्याला डिफेंडर ओळखतो. स्टार्टमध्ये मॅनेज कॉम्प्युटर सर्टिफिकेट्स टाईप करून रूटची यादी एकदा नजरेखालून घाल, त्यात लॅपटॉप कंपनीच्या, दुकानाच्या किंवा जाहिरातवाल्याच्या नावाचं काही दिसलं तर चौकशी कर, पण अनोळखी नाव दिसलं म्हणून सरसकट उडवू नकोस, अर्ध्या साईट बंद पडतील. कोणकोणते प्रोग्रॅम आपोआप चालू होतात ते पाहायला सिसइंटरनल्सचं ऑटोरन्स हे फुकट टूल सगळ्यात चांगलं, मायक्रोसॉफ्टच्याच साईटवर मिळतं. आणि विंडोज नव्याने टाकलं की सगळं सुटलं असं पण समजू नकोस. २०१५ मध्येच लेनोवोच्या काही मशीनमध्ये असं दिसलं होतं की विंडोज कोरं टाकलं तरी कंपनीचं सॉफ्टवेअर बायोसमधून परत येतं, कारण विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टनेच तशी सोय ठेवली आहे. नंतर लेनोवोने ते काढायला बायोस अपडेट दिले. पण काही कंपन्यांच्या बायोसमध्ये आपलं ॲप इन्स्टॉल करू का विचारणारा पर्याय आजही असतो, तो डिसेबल करता येतो, नवीन मशीन घेतलं की एकदा बायोसमध्ये जाऊन बघ.

प्रश्न (मिहानमध्ये नोकरी, राहणार मनीषनगर): आठवड्यात दोन-तीन दिवस घरून काम असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर कॅमेऱ्याचा दिवा मधूनच लागल्यासारखा वाटतो. आणि स्वतःच्या नवीन लॅपटॉपवर ऑफिसचं मेल टाकलं तर आता सेटिंगमध्ये येऊन राहिलं की काही सेटिंग तुमची संस्था सांभाळते. कंपनी माझ्या पर्सनल लॅपटॉपमध्ये पण घुसली का?

उत्तर: ताई, आधी तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपचं बोलू कारण तिथे घाई आहे. आउटलुक किंवा टीम्समध्ये ऑफिसचं अकाउंट टाकताना शेवटी एक खिडकी येते, तिथे माझ्या संस्थेला हे मशीन सांभाळू द्या अशी ओळ असते आणि टिक आधीच केलेली असते. आपण कामाच्या घाईत ओके दाबतो, आणि कंपनीने त्यांच्या बाजूने तशी व्यवस्था लावलेली असेल तर त्या एका क्लिकने तुमच्या पैशाचा लॅपटॉप कंपनीच्या यादीत जातो. मग कंपनी त्यावर नियम लावू शकते, प्रोग्रॅम टाकू शकते, आणि काही परिस्थितीत तो लांबूनच पुसूनही टाकू शकते. त्या खिडकीत टिक काढून फक्त या ॲपपुरतं साइन इन असा पर्याय असतो, पुढच्या वेळी तो घ्या.

आता सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात ॲक्सेस वर्क ऑर स्कूल उघडा. ऑफिसच्या अकाउंटवर क्लिक केल्यावर इन्फो असं बटण दिसलं तर मशीन खरंच व्यवस्थापनाखाली आहे, आणि त्या बटणात काय काय नियम लागलेत ते पण वाचता येतं. डिसकनेक्ट तिथूनच होतं. मात्र त्याआधी स्वतःच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि आयटीवाल्यांना मेल टाका की हे माझं वैयक्तिक मशीन आहे, ते यादीतून काढा, कारण नुसतं तुमच्या बाजूने तोडलं तर त्यांच्याकडे नोंद राहू शकते. इन्फो बटण नसेल तर घाबरू नका, तीच ओळ कधी कधी एखाद्या अँटीव्हायरसमुळे किंवा सेटिंग बदलणाऱ्या फुकट टूलमुळे पण दिसते.

ऑफिसचा लॅपटॉप ही वेगळी गोष्ट, तो कंपनीचा आहे आणि त्यावर काय चाललं आहे हे कंपनीला बऱ्यापैकी दिसतं असं धरूनच चाला. कोणत्या साईट उघडल्या, कोणते प्रोग्रॅम चालले, फायली कुठे गेल्या हे बहुतेक ठिकाणी दिसतं, काही ठिकाणी ठरावीक वेळाने स्क्रीनचा फोटो निघतो किंवा कीबोर्ड-माऊस किती वेळ हलला ते मोजतात. कॅमेऱ्याची शंका मात्र शंकाच ठेवू नका, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात कॅमेरा, तिथे खाली रिसेंट ॲक्टिव्हिटी मध्ये कोणत्या ॲपने कधी कॅमेरा वापरला ते दिसतं. दिव्याची वेळ आणि ती वेळ जुळवून पाहा, स्क्रीनशॉट ठेवा. तोवर कॅमेऱ्यावर सरकणारं झाकण लावा. घर हे घर आहे, तिथे लहान मुलं, म्हातारी माणसं असतात, ती कोणाच्या नोकरीवर नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र नोकरीच्या कामासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी डेटा वापरायला कलम ७ मध्ये संमतीशिवाय वाट ठेवलेली आहे, गुपितं फुटू नयेत वगैरे. मला ती वाट फार रुंद वाटते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पण तोवर एचआरला लेखी विचारायला कोणी अडवलेलं नाही, की या लॅपटॉपवर काय नोंदवलं जातं, कॅमेरा-माईक त्यात आहे का, नोंद किती दिवस ठेवता. आणि नेट बँकिंग, दवाखान्याचे रिपोर्ट, घरचे फोटो त्या मशीनवर नकोच.

प्रश्न (होलसेल किराणा, इतवारी): नवीन पीसी असेंबल करून घेतला, पोट्ट्याने विंडोज, ऑफिस सगळं फुकटात टाकून दिलं. आता रात्री हिशोब करताना कधी माऊस आपोआप हलते. विचारलं तर म्हणे भाऊ सर्व्हिससाठी कनेक्शन ठेवलं आहे, काही बिघडलं तर घरूनच करून देतो. सोय तर आहे, ठेवू का?

उत्तर: भाऊ, ठेवू नका, हे वाचून झालं की आजच काढा. त्याने एनीडेस्क किंवा तसलंच काहीतरी टाकून कायमचा पासवर्ड लावून ठेवलेला दिसतो, म्हणजे तुम्ही हो म्हणा न म्हणा, त्याला कधीही आत येता येतं. पोरगा सरळ असेलही, पण तो पासवर्ड त्याने आणखी किती दुकानांत लावला आहे आणि त्याच्या मोबाईलमधून उद्या कोणाच्या हाती लागेल हे त्याला तरी कुठे माहीत. तुमच्या मशीनवर पार्ट्यांची उधारी आहे, जीएसटीचा पासवर्ड आहे, बँक आहे. असल्या लांबून चालवायच्या ॲपवरून पैसे उडवतात म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. मदत लागेल तेव्हा विंडोजमधलं क्विक असिस्ट वापरा, त्यात दर वेळी नवीन कोड लागतो आणि तुम्ही समोर असता.

फुकटच्या विंडोज-ऑफिसचं तर त्याहून वाईट. ते ॲक्टिव्हेट करायचे जुगाडू प्रोग्रॅम चालावे म्हणून आधी डिफेंडर बंद करतात, आणि ते प्रोग्रॅम कोणी बनवले, आत आणखी काय आहे, हे तुम्हाला पण माहीत नाही अन् त्या पोट्ट्याला पण नाही. एवढा धंदा आहे तर विंडोजचं लायसन्स घ्या, ऑफिसचा खर्च नको असेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, त्यात मराठी पण चालते. मशीन पूर्ण पुसून नव्याने बसवा आणि त्यानंतर दुसऱ्या मशीनवरून सगळे पासवर्ड बदला, आधी बदलू नका, नाहीतर नवे पासवर्डही तिकडेच जातील. खात्यातून काही गेलेलं दिसलं तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा.

प्रश्न (बीकॉमची विद्यार्थिनी, हुडकेश्वर): सेकंडहँड लॅपटॉप घेतला, दोन महिने छान चालला. रीसेट मारला तर आता बंगलोरच्या कुठल्यातरी कंपनीचं नाव येते आणि तिथलाच ईमेल मागते. दुकानदार हात वर करून राहिला.

उत्तर: हा लॅपटॉप त्या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटमध्ये, म्हणजे कंपन्यांनी आपले लॅपटॉप लांबून सांभाळायच्या यंत्रणेत, नोंदवलेला आहे आणि भंगारात किंवा लिलावात काढताना नोंद रद्द केली नाही. ती नोंद डिस्कमध्ये नसते, हार्डवेअरच्या ओळखीवर असते, म्हणून विंडोज कितीदा टाकलं तरी नेट लागलं की तो परत मालक विचारतो. नेट बंद ठेवून सेटअप करायच्या युक्त्या यूट्यूबवर आहेत पण नोंद तशीच राहते आणि पुढच्या रीसेटला तोच त्रास. सुटका एकच, त्या कंपनीने नोंद काढणं. बिल आणि लॅपटॉपचा सिरीयल नंबर देऊन त्यांच्या आयटी विभागाला मेल करून बघ, बऱ्याच कंपन्या काढून देतात. नाही झालं तर दुकानदाराने मशीन बदलून द्यायला पाहिजे, हा विकतानाचाच दोष आहे, तुझा नाही. तो ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाक. जुना लॅपटॉप घेणाऱ्या बाकीच्यांनी दुकानात उभं राहूनच रीसेट करून, नेट लावून, डेस्कटॉप येईपर्यंत थांबायचं आणि बायोसमध्ये पासवर्ड नाही ना, ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस नावाचं चोरी-शोधक चालू नाही ना ते बघायचं.

प्रश्न (वडील, नंदनवन): मुलगी दहावीत आहे, ऑनलाइन क्लाससाठी लॅपटॉप घेऊन देतो आहे. दुकानवाला म्हणे त्यात लपून राहणारं सॉफ्टवेअर टाकून देतो, ती काय टाईप करते, कोणाशी बोलते सगळं तुमच्या मोबाईलवर येईल, तिला पत्ताही लागणार नाही. जमाना खराब आहे, टाकू का?

उत्तर: काका, तुमची काळजी खरी आहे पण हे टाकू नका, मी हात जोडून सांगतो. ते सगळं तुमच्या मोबाईलवर येण्याआधी कोणाच्या तरी सर्व्हरवर जातं. तुमच्या पोरीचे मेसेज, फोटो, कदाचित कॅमेरा, हे अनोळखी कंपनीकडे आणि त्या दुकानवाल्याकडे सोपवायचं आहे का तुम्हाला?

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियामध्ये लोअर मेरियन म्हणून शाळांचा विभाग आहे, तिथे पोरांना शाळेने लॅपटॉप दिले आणि चोरी झाली तर सापडावे म्हणून कॅमेऱ्याने फोटो काढणारं सॉफ्टवेअर न सांगता टाकलं. २०१० मध्ये एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी केस केली तेव्हा कळलं की पोरांचे त्यांच्या खोल्यांमधले फोटो आणि स्क्रीनशॉट हजारोंनी जमा झालेत. विभागाला ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली. ती चांगली सरकारी शाळा होती आणि हेतूही चोरी रोखायचा होता. भाड्याने कॉम्प्युटर देणाऱ्या काही कंपन्यांनी तर हप्ता थकवलेल्यांच्या घरातले फोटो कॅमेऱ्याने काढले, त्यावर फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये कारवाई केली. लपून पाहणारं सॉफ्टवेअर एकदा बसलं की ते कोण कशासाठी वापरेल यावर टाकणाऱ्याचाही ताबा राहत नाही.

मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी फुकट आहे, तुमचं आणि मुलीचं वेगळं अकाउंट करा, रात्री किती वाजेपर्यंत चालेल, कोणत्या साईट नको, ते ठरवता येतं, आणि तिला ते दिसतं. तिच्यासोबत बसून लावा. लॅपटॉप सुरुवातीला हॉलमध्ये ठेवायचं ठरवलं तरी चालेल. ऑनलाइन कोणी त्रास दिला तर ती पहिले तुमच्याकडे आली पाहिजे, आणि बाबा आपल्यावर चोरून नजर ठेवतात हे पोरीला एक दिवस कळतंच, त्यानंतर ती येणार नाही. याच विषयावर दोन पत्रं नवऱ्यांची पण आहेत, बायकोच्या लॅपटॉपसाठी, त्यांना उत्तर एका ओळीत, सज्ञान माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय असं काही टाकणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

प्रश्न (सदर): नवीन एआयवाले लॅपटॉप स्क्रीनचे फोटो काढत राहतात म्हणे. घ्यावा की नाही?

उत्तर: ते रिकॉल. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये जाहीर केलं, इतकी टीका झाली की मागे घेऊन बदल केले आणि एप्रिल २०२५ पासून कोपायलट प्लस म्हणून विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर आलं. आता ते तुम्ही चालू केलं तरच चालतं, फोटो मशीनवरच एन्क्रिप्ट होऊन राहतात. लॅपटॉप घ्या, सेटअपमध्ये रिकॉलला नाही म्हणा, आणि मनात शंका असेल तर टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ मधून ते काढूनच टाका. आणि सेटअपमध्ये ऐच्छिक डायग्नॉस्टिक डेटा, जाहिरात आयडी, लोकेशन असे प्रश्न येतात, तिथेही प्रत्येक वेळी थांबून वाचा, नेक्स्ट नेक्स्ट करू नका.

प्रश्न (त्रिमूर्तीनगर): मोबाईलमध्ये सरकारी ॲप कंपल्सरी टाकणार होते त्याचं काय झालं?

उत्तर: संचार साथी. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला कंपन्यांना आदेश दिला होता की नवीन फोनमध्ये ते आधीच टाकून द्या, ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. चोरीचा फोन ब्लॉक करायला ॲप कामाचं आहे, ज्याला पाहिजे त्याने स्वतः टाकावं. लोक बोलले म्हणून सक्ती गेली हे मला फार महत्त्वाचं वाटतं, सुपरफिश पण लोकांनी तक्रारी केल्या म्हणूनच बाहेर आलं होतं.

प्रश्न (धंतोली): पुढच्या आठवड्यात मुलासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानात काय बोलायचं?

उत्तर: सांगा की सील आमच्यासमोर फोडा आणि पहिला सेटअप आम्ही घरी करू. दुकानदार म्हणेल आम्ही सगळं टाकून देतो फुकटात, तर नम्रपणे नाही म्हणा. विंडोजबरोबर येणारा घ्या, डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला, स्वस्त पडतो पण मग तेच चोरीचं विंडोज चढतं, मुलाला लिनक्स येत असेल तर गोष्ट वेगळी. बिलावर मॉडेल, सिरीयल नंबर, विंडोज आणि ऑफिस असेल तर तेही लिहून घ्या. घरी नेल्यावर आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, मग वर प्रतापनगरच्या सरांना सांगितलं तशी यादी उघडून जे नको ते काढा, संध्याकाळचं काम आहे.